मिनिटाला किती श्वास

टोपलीत एक मांजर, तिच्या पोटावर सात टाके, समोर न खाल्लेले बोंबलाचे चार तुकडे. ऑपरेशन करून आणल्याला दोन दिवस झाले होते. डॉक्टरांनी ‘शांत ठेवा’ म्हटलं, म्हणून अब्बांनी भिंतीपलीकडचे कापड विणायचे चारही लूम बंद केले होते. तरी ती अंग चोरून बसलेली. मी घड्याळ धरून श्वास मोजले: मिनिटाला अडुसष्ट. “चाळिसाच्या खाली आले नाहीत तर पुन्हा ठाण्याला दवाखान्यात आणा, असं म्हणालेत डॉक्टर.” “रिक्षातच जीव सोडेल ती, माजिदा,” अब्बा म्हणाले. लूम चालवणारा कोंडू दारात उभा होता. “शेठ, संपातसुद्धा एवढी शांतता नसते. ही लूमखाली जन्मली हाय. आवाज थांबला म्हणून घाबरलीय.” अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पलीकडे एक लूम खडखडू लागला. मांजरीने कान टवकारले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले: छत्तीस.