चार बोटं उंच

बरकत मिस्त्रीनं जॅक खाली सोडला आणि जीप नव्या टायरांवर उभी राहिली. रंगराव दोन पावलं मागं सरला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. काय दिसत होती! कालपर्यंतची बसकी गाडी आज चाकणच्या बाजारतळावर मान वर काढून उभी होती.

"टायरनं चार बोटं, पाट्यांनी चार बोटं," बरकत चिंधीला हात पुसत म्हणाला. "पण रंगराव, पुन्हा सांगतो. स्प्रिंगच्या कमानीत जास्तीचे पाटे घातले की गाडी कडक व्हती. नुसते टायर ठेवू या का?"

"नुसत्या टायरनं त्यो धोंडा पार व्हत न्हाई. आणि कडक झाली तर झाली. लष्कराची गाडी हाय, लोण्याची न्हाई."

धोंडा भामा नदीच्या खोऱ्यात होता, लेकीच्या सासरच्या ओढ्यात. गेल्या खेपेला जीपचं पोट त्याच्यावर असं काही बसलं की चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी व्याह्याच्या बैलांनी ती ओढून काढली. व्याही मात्र मिशीत हसला. ते हसू रंगरावाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. आता लेकीला, शालनला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पोरीला आणायची ती आठवा लागायच्या आत. ह्याच जीपमधून आणायची आणि ओढ्यात एकदाही थांबायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन सावित्रीबाई आली. गाडी दाखवायला त्यानंच बायकोला बोलावलं होतं.

"बस म्होरं. फिरवून आणतो."

"मागं बसते," ती म्हणाली. "पोरगी मागंच बसणार न्हवं?"

बरकतनं पिशवी धरली. सावित्रीबाई कासोटा सावरत कशीबशी वर चढली आणि मागच्या चाकावरच्या बाकावर टेकली. रंगरावानं गाडी काढली ती थेट तळामागच्या माळावर घातली. तिथं बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या, मधूनमधून दगड वर आलेले. जीप सगळ्यावरून गेली. कुठं खालून घासली नाही की कुठं अडली नाही. रंगराव असा खूष झाला की मागं वळून बघायचंही त्याला सुचलं नाही.

परत आल्यावर सावित्रीबाई गाडीचा पत्रा धरून उतरली. कंबर दाबतच ती सरळ झाली.

"बघितलंस?" रंगराव म्हणाला. "एक तरी दगड आडवा आला का?"

"न्हाई आला."

"मग?"

"हिच्यातनं माझी पोर येणार न्हाई."

"येडी का खुळी तू?" रंगरावाचा आवाज चढला. "एवढं करून ठेवलंय ते कुणासाठी? आता ही गाडी कुठं म्हणून अडकायची न्हाई!"

सावित्रीबाईनं बरकतच्या हातातली पिशवी घेतली. "माझ्या येळची बैलगाडी तरी कुठं अडकली हुती?" ती म्हणाली.

बरकत उगाच पान्हे आवरायला लागला.

शालन जन्मायच्या आधीचं ते. सावित्रीबाईला माहेरी पोचवली त्याच रात्री पोटात दुखायला लागलं, आणि मूल हाती आलं ते मेलेलंच. घरात पुन्हा कधी त्याचा विषय निघाला नाही. बैलगाडी डोंगरातनं कशी झपाट्यानं आणली, याचं मात्र रंगरावानं तेव्हा चारचौघांत कौतुक केलं होतं. गाडी त्यानंच हाकली होती. मागं बसून ती कशी आली, हे त्यानं तिला आजवर विचारलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरकत, तू हाक," तो म्हणाला.

"मी?" ह्या जीपच्या स्टिअरिंगला रंगरावानं आजवर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

"व्हय, तू. माझ्यासारखीच हाक. माझ्याकडं बघून हळू घेऊ नगंस."

रंगराव मागं चढला आणि बायको बसली होती त्याच जागी बसला. माळ तोच होता, चाकोऱ्याही त्याच. पहिल्या दगडालाच त्याचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला तो बाकावरून उडाला आणि खाली आदळला तेव्हा कळ पार डोक्यात गेली. पुढं बसून ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. बरकत सांगितल्याप्रमाणं हाकत होता, आणि त्याला थांब म्हणायला रंगरावाची जीभ रेटेना.

गाडी बरकतच्या शेडपाशी थांबली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, आपण दोन्ही हातांनी पोट धरून बसलोय.

सावित्रीबाईनं ते बघितलं.

"घातलेले पाटे काढ," खाली उतरत रंगराव म्हणाला. "टायर ऱ्हाऊ देत. हवा जरा कमी ठेव."

"काढतो की. पण मग धोंडा? चार बोटं कमी पडतील."

"घण हाय तुझ्याकडं?"

बरकत बघतच राहिला. "रंगराव, आता व्याह्याच्या गावात जाऊन धोंडा फोडत बसणार? त्यो हसंल."

"हसू दे," रंगराव म्हणाला. "घण जरा जड बघून दे."