पहिलं नाव

गंधाली पडली, शिट्टी वाजली, आणि उठायच्या आधी तिने चेंडू पोटाशी धरला. गुडघ्यात मुरूम रुतला होता, रक्त मोज्यापर्यंत ओघळलं होतं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. जिने तिला पाडलं ती निळ्या जर्सीतली पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि गंधाली टक लावून तिच्याकडे बघत होती.

बीरगांवच्या फुटबॉल संघाची कॅप्टन रमा धावत आली. गोल कोणाचाच नाही आणि खेळ संपायला चार मिनिटं. जिंकेल तो संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. एकोणीस वर्षांखालच्या संघात रमाचं आणि गंधालीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी भनपुरीच्या या मैदानावर यायचं ते फक्त टाळ्या वाजवायला.

"दे," रमा म्हणाली.

"नाही देत. पाय माहा फुटला, पेनल्टी मीच मारीन."

"दीदींचा नियम तुले माहीत आहे."

संघाच्या कोच शर्मिष्ठादीदी दिवसा समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायच्या. ओळखीचा असो की नात्यातला, मधे कोणाला घुसू द्यायच्या नाहीत. मैदानावरही त्यांचा तोच खाक्या. जिला पाडलं तिने पेनल्टी मारायची नाही, कारण तिचं डोकं तापलेलं असतं. ती कॅप्टनने मारायची. आणि सामना बरोबरीत सुटून टायब्रेकरच्या पाच-पाच पेनल्ट्यांवर गेला तर पहिली कॅप्टनच जाणार. एकदा गंधालीने हट्टाने स्वतःच पेनल्टी मारली, गोलही झाला, तरी दीदींनी तिला पुढचे तीन सामने बाहेर बसवलं होतं.

गंधाली उठली, पण चेंडू सोडला नाही. "मागच्या साली तूच मारली होती न," ती हळूच म्हणाली. "कुठं गेली होती?"

आकाशात गेली होती. रमाला सांगायची गरज नव्हती. वर्षभर ती रोज रात्री तोच चेंडू बारवरून जाताना बघत होती. आणि आता, खरं सांगायचं तर, तिला चेंडू नकोच होता. मारू दे हिलाच. गेला तर संघ जिंकेल, नाही गेला तर दीदी हिला झापतील, आपलं नाव कुठेच येणार नाही. विचार इतका गोड होता की रमाला स्वतःचीच लाज वाटली.

"जल्दी करो, बेटा," रेफरी घड्याळाकडे बघत म्हणाले.

रमाने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. गंधालीने शेवटी चेंडू तिच्या हातात आदळला आणि पाठ फिरवून निघून गेली.

रमाने चेंडू ठेवला. पाच पावलं मागे गेली, रोज जायची तशीच. मैदानाच्या कडेला ट्रक थांबवून बघणारे ड्रायव्हरही गप्प झाले. तिने मारला. चेंडू खांबावर ठण्णकन आपटला आणि बाहेर गेला.

निळ्या पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. बीरगांवच्या पोरी मात्र काही न बोलता आपापल्या जागी परतल्या. कोणी रमाकडे बघितलं नाही, कोणी चुकचुकलं नाही. दीदींची शिकवणच तशी होती, पण या वेळी कोणीतरी एक शिवी हासडली असती तर रमाला बरं वाटलं असतं.

चार मिनिटं कशी गेली तिला कळलं नाही. शिट्टी झाली. टायब्रेकर.

पोरी पाण्याच्या ड्रमाजवळ रिंगण करून बसल्या. दीदी कागद घेऊन आल्या. चेहरा नेहमीसारखा शांत, फक्त वाचताना मान वर केली नाही. पहिली गंधाली. मग क्षमा. मग स्वरदा. चौथं आणि पाचवं नावही वाचून झालं, आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

रमाचं नाव नव्हतं.

आधी तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग कळलं, आणि अंगातलं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने डोळे मिटून घेतले. अपमान व्हायला हवा होता, पण झाला नाही. सुटले बाई, एवढंच वाटलं.

"दीदी, रमाचं नाव राहिलं," गंधाली म्हणाली. ती गुडघ्यावर पाणी ओतत होती.

"राहिलं नाही. आज तिले राहू दे."

"काहून?"

पलीकडून रेफरींनी यादी मागितली.

"मघा मले काहून नाही मारू देली?" गंधालीचा आवाज चढला नव्हता, आणि एरवी तापणारी ती इतकं शांत बोलतेय म्हटल्यावर बाकीच्यांनी माना वर केल्या. "माहा नंबर नव्हता म्हणून न? मग आता तिचा आहे."

दीदींनी रमाकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. दीदी, मले नाही जमणार, एवढं म्हटलं असतं तरी दीदींनी ते आनंदाने ऐकलं असतं. रमाचं तोंड उघडलं, पण गंधाली तिच्याकडे बघतही नव्हती. तिच्या लेखी विषय संपला होता.

दीदींनी कागद उघडला. मांडीवर ठेवला, पाचवं नाव खोडलं, आणि सगळ्यांच्या वर, कोपऱ्यातल्या अपुऱ्या जागेत, रमाचं नाव लिहिलं.

गंधालीचा इतका राग रमाला आयुष्यात कधी आला नव्हता. त्या रागातच ती उठली आणि सरळ पेनल्टीच्या खुणेकडे चालत निघाली.