नाणं उभं राहीपर्यंत

नाणं पुन्हा पडलं.

"पुली सोड," बाप म्हणाला. "पहिल्यापासून लाव."

तिने मशीन बंद केलं. तोंडाशी आलेली शिवी गिळली. गिळायची आता सवयच झाली होती.

मशीन म्हणजे बाकावर बसवायचं जुनं ड्रिल, बापाच्याच वयाचं. भंगारातून बापाने ते घरी आणलं तेव्हा त्यात गंजाशिवाय काही उरलं नव्हतं. आणलं बापाने, निस्तरायचं तिने. कारण एकेकाळी केसाएवढा फरक बोटाने सांगणारे बापाचे हात आता कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा मांडीवर सांडत. कंपवात. डॉक्टरने नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि तो सुटला. अडकली ही. "बाबांना मी नेतो, तू फक्त सांग," असं भाऊ फोनवर म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा. पण म्हातारा जागचा हलेल तर शपथ.

मागच्या खोलीत बाप खुर्ची टाकून बसायचा, ती नेमकी दारात, बाकाला खेटून. बाहेर जायचं तर त्याला उठवावं लागे. त्याला उठवायचं म्हणजे अर्धा तास. म्हणून ती जातच नसे. रॉकेलचा वास, लोखंडाचा कीस आणि शेजारून बापाचा आवाज: "घासलंस की गोंजारलंस?"

तरी तिने ते मशीन उभं केलं. गंज काढला, बेअरिंग बदलली, नवा पट्टा चढवला. कारण बापाने शब्द दिला होता. दुसऱ्या गावच्या तंत्रशाळेत मुलींना मशीनवर शिकवायची नोकरी तिला मिळाली तेव्हा तो म्हणाला होता, "हे मशीन पास कर आणि जा. अडवणार नाही." बाप हेकट होता, तिरसट होता, पण दिलेला शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता. पास करायची रीत त्याच्या कारखान्यातली: मशीन सुरू करायचं आणि त्याच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं. उभं राहिलं तर पास.

ते राहत नव्हतं. आणि तंत्रशाळेला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

तिने दोरी ताणून दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या. बोल्ट आवळले.

"तुझ्या हाताला घाई झालीय, फोरमन," बाप म्हणाला. ती चिडली की तो तिला फोरमन म्हणायचा.

रागाच्या भरात तिचा क्रम चुकला. नाणं आधी उभं केलं, बटणाकडे हात नंतर नेला. आणि बटण दाबायच्या आतच नाणं शहारलं. पडलं.

मशीन बंद होतं.

ती खाली वाकली. बाकाच्या खालच्या फळीवर बापाचा पाय होता. थडथड उडत होता.

"बाबा, पाय काढा."

बापाने साळसूदपणाचा आव आणला नाही. "कळलं एकदाचं."

"मशीन कधीपासून बरं आहे?"

"नवा पट्टा टाकलास ना, त्याच दिवसापासून."

"आणि तुमचा शब्द?"

"तोंडाने दिला होता. पायाने नव्हता दिला."

मग मात्र तिचं गिळलेलं सगळं बाहेर आलं. चोर म्हणाली. तुमच्यापेक्षा तो गंज बरा, घासला तर निघतो, असंही म्हणाली. बापाने सगळं ऐकून घेतलं. मग मांडीखाली दोन्ही हात घालून त्याने तो पाय ओझ्यासारखा उचलला आणि जमिनीवर ठेवला. भिंतीला धरत, खुर्ची फरफटत, दारातून बाजूला झाला.

"लाव नाणं," म्हणाला. "आणि त्यांना फोन कर. मी तुझ्या भावाकडे जातो."

दार मोकळं होतं. ती कधी नव्हे ते त्यातून पलीकडे, पार रस्त्यापर्यंत बघत राहिली. मग वळून तिने मशीन सुरू केलं. ते एका सुरात गुणगुणू लागलं. तिने नाणं उभं केलं.

पडलं.

तिने झटकन बापाकडे पाहिलं. त्याची खुर्ची भिंतीशी होती, दोन्ही पाय जमिनीवर. तिने पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"फोरमन," बाप हळूच म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "हात बघ तुझा."

तिच्या डाव्या हाताने बाकाची कड घट्ट धरली होती. बोटं पांढरी पडली होती आणि हात कोपरापर्यंत थरथरत होता.

"काढ तो," बाप म्हणाला. "राहील नाणं."

तिने हात काढला नाही. दुसराही ठेवला.