रक्तवाढीच्या गोळ्या

भवानीबाई सैदापेटहून बसने आल्या, मैलापुरातल्या व्यासराजांच्या औषधाच्या दुकानात शिरल्या आणि गोळ्यांची बाटली त्यांनी काउंटरवर आपटली. बरं झालं, व्यासराजांना वाटलं. या बाईची ते आठ दिवस वाट पाहत होते.

भवानीबाईंची सून कनका ही व्यासराजांच्याच गल्लीतली मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिला किल्पॉकच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या नव्या गोळ्यांनी पोर माणसात आली, शिवणकाम करू लागली. वैशाखात तिचं लग्न झालं, आणि आषाढात सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. जेवण नाही, झोप नाही, भिंतीशी बोलणं सुरू. सासूने गोळ्या बंद केल्या होत्या. हे कळल्यापासून त्या सासूला काय काय सुनवायचं, ते व्यासराज मनात घोळवत होते.

"गोळ्या का बंद केल्यात?" त्यांनी तिथूनच सुरुवात केली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांचीही भीड धरली नाही. "कुठल्या डॉक्टरला विचारलंत? परक्याची पोर म्हणजे काय, मेली तरी चालते?"

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा," भवानीबाई म्हणाल्या.

"मला काय वाचायला सांगता? मीच दिल्यात त्या."

"वाचा म्हणते न? मोठ्यानं वाचा. अस्क्या लोकांना, सगळ्यांना ऐकू दे."

व्यासराजांनी बाटली उचलली. लेबलावर त्यांचंच नेटकं तमिळ अक्षर होतं. रक्तवाढीच्या गोळ्या. रोज रात्री जेवणानंतर दोन. त्यांना ते मोठ्याने वाचवेना.

कनकाचे वडील गुरुमूर्ती लग्नाआधी तीन दिवस रोज दुकानात येऊन हात जोडत होते. गोळ्यांचं खरं नाव त्या घरात गेलं तर माझी पोर परत येईल, म्हणत होते. दोन दिवस व्यासराजांनी त्यांना हाकलून लावलं. तिसऱ्या दिवशी, एका पोरीचं भलं होतंय तर आपल्या बापाचं काय जातं, म्हणून लेबल लिहून दिलं. वर आपण पुण्य केलं, असंही त्यांना वाटलं होतं.

"रक्तवाढीच्या," भवानीबाई म्हणाल्या. "पोर दिवसभर पेंगायची. अंगानं सुटत चालली होती. मी म्हटलं, रक्त वाढलं तेवढं पुष्कळ, आता पुरे. कुठली सासू दुसरं काय म्हणेल, सांगा."

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही लग्न मोडलं असतंत."

"मोडलं असतं," भवानीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी काही देवी नव्हे. पण मग ती आपल्या घरी, आपल्या गोळ्या खात, आपलं शिवण शिवत बसली असती. आज तिचं तेही नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला व्यासराज निघाले होते, आणि चोर काउंटरच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते आता दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही दिसत होतं. त्यांना गुरुमूर्तींचा राग आला, भवानीबाईंचा आला, त्या दोन गिऱ्हाइकांचाही आला. तरी तो राग कुठेच टिकेना, फिरून त्यांच्याकडेच येत होता.

"त्या पुन्हा सुरू केल्या तर पोर सुधारते का?" भवानीबाईंनी विचारलं.

"सुधारते. वेळ लागेल. डॉक्टरांना आधी दाखवायला हवं. मी स्वतः घेऊन जातो तिला."

"आणि त्या बाटलीवर काय लिहाल?"

"खरं तेच लिहीन."

"आता लिहाल."

व्यासराजांनी मान खाली घातली आणि नखाने जुनं लेबल खरवडायला घेतलं. ते पक्कं चिकटलं होतं.

"काल गुरुमूर्तींनी माझ्यासमोर अस्कं कबूल केलं," भवानीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "गोळ्यांचं खरं नाव सांगणार नाहीस, अशी त्यांनी पोरीला शपथ घातली होती. ती तिनं पाळली. आठ दिवस माझ्यामागं फिरत होती. अम्मा, माझ्या रक्ताच्या गोळ्या द्या. अम्मा, माझ्या रक्ताच्या गोळ्या. एका रात्री पाय धरून रडली. आणि मी हसले हो. म्हटलं, वेडी का काय, रक्तासाठी कुणी असं रडतं?"