उज्वलाबाईंकडचं गाणं

कोपऱ्यावरून डावीकडे वळायचं होतं. मुलं उजवीकडे वळली.

"अरे, पास्टरांचं घर इकडं!" दयानंद सरांनी मागून हाक दिली. थांबलं कुणीच नाही. कागदी चांदणी लावलेली काठी खांद्यावर घेऊन लुंबिनी पुढे चालत होती, तिच्यामागे गळ्यात ढोलकी अडकवलेला वीरभद्र आणि त्याच्यामागे सातवीचा अख्खा वर्ग. या रस्त्याला देगलूरची वस्ती संपते. पुढे तुरीचं एक शेत आणि ख्रिस्ती कबरस्तान, एवढंच.

"लुंबिनी, कुठं निघालात?"

"बाईंकडं, सर. दरसाल शेवटचं गाणं बाईंकडंच असतंय की."

"करंज्या न्हाईत मिळायच्या औंदा," वीरभद्र म्हणाला. "तरी बी जायचं ठरलंय आमचं."

मिशन शाळेत उज्वलाबाई गाणी शिकवायच्या, दयानंद सर विज्ञान. दिवाळीच्या सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि उज्वलाबाई, सरांची बायको, आठवड्याच्या आत गेल्या. मुलं आपापल्या गावी होती. परत आल्यावर त्यांना भिंतीवरचा फोटोच बघायला मिळाला. नाताळची फेरी या वर्षी नकोच, असं शाळेत सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुलांनी हट्ट धरला, म्हणून सर निघाले.

दफनानंतर सरांनी कबरस्तानाच्या या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पास्टरांनी पुनरुत्थानाचं वचन वाचलं. लहानपणापासून सरांना तोंडपाठ असलेलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सरांच्या तोंडून ते निघालं नाही. तेव्हापासून प्रार्थनेत त्यांचे नुसते ओठ हलत. हे कुणाला माहीत नव्हतं. मुलांनी इथे काही विचारलंच, तर आपण काय सांगणार, याची त्यांना धास्ती वाटत होती.

कबर अजून मातीचीच होती. डोक्याशी लाकडी क्रूस. मुलं आपसूक क्रूसामागे जमली. सूर्य कलला होता, पाठीवर ऊन होतं आणि सगळ्यांच्या सावल्या लांबच लांब कबरीवर पडल्या होत्या. गाणं कुणी सुरू करेना.

"सर," वीरभद्र हळूच म्हणाला, "आमच्यात बी पुरतेत. माझ्या आज्जाला बसवून पुरलंय, मांडी घालून. बाई बी बसलेल्या हायत का?"

"गप की रे!" लुंबिनीनं त्याला कोपर मारलं.

"विचारू दे." प्रश्न माहितीचा होता, आणि माहितीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची सरांना सवय होती. "आमच्यात बसवत नाहीत, निजवतात. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला."

"तसंच का?"

"उठल्यावर तोंड उगवतीकडं यावं म्हणून."

चुंबकाची दोन टोकं सांगावीत तितक्या सहज ते बोलून गेले. मग ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. खड्डा खणणाऱ्यानं त्या दिवशी दिशा विचारली, तेव्हा मोबाईलमधलं होकायंत्र लावून ती दाखवणारे तेच होते. खड्ड्यासाठी आखलेली रेघ जरा तिरकी होती, तीही त्यांनी सरळ करून घेतली होती. आमेन निघालं नाही, त्याच सकाळी.

मुलं पुढे काय विचारणार, याची ते वाट बघत राहिले.

"मंग आपण चुकीच्या बाजूला उभारलोत की," वीरभद्र म्हणाला. "हितं बाईंच्या डोक्यामागं झालो आपण."

"हाव की," लुंबिनी म्हणाली. "बाई काय सांगायच्या? ज्यांच्यासाठी म्हणायचं त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणायचं. चला समदे तिकडं. मातीवर पाय देऊ नका."

वर्ग हलला. कडेकडेनं, चपलांचा आवाज न करता, मुलं पायथ्याकडे गेली. सावल्याही त्यांच्याबरोबर कबरीवरून निघून गेल्या आणि मातीवर ऊन आलं. आता ऊन मुलांच्या थेट तोंडावर होतं. डोळे बारीक करून ती बघत होती.

त्यांच्यात ख्रिस्ती घरातली तीन-चारच. कुठल्याही गोष्टीला पुरावा मागा, हे सरांनीच त्यांना शिकवलं होतं. आणि मुलं मागायचीही. परवाच प्रयोगशाळेत त्यांनी सरांना भंडावून सोडलं होतं. आज एकानंही विचारलं नाही, बाई उठणार कशा. तोंड कुठल्या बाजूला, तेवढं त्यांनी नीट समजून घेतलं.

क्रूसापाशी सर एकटेच उरले होते. त्यांची एकट्याची सावली कबरीवर लांब पडली होती. ती तिथून काढायला हवी, असं त्यांना वाटलं. ते वळसा घालून पायथ्याशी आले आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला उभे राहिले.

लुंबिनी रांगा लावत होती. बुटकी पुढे, उंच मागे, बाई लावायच्या तशा. मग कबरीच्या पायथ्याशी उभी राहून तिनं मधलं अंतर बघितलं.

"मागं सरा. अजून मागं."

"लई मागं झालं की, लुंबे! मागं काट्याची कुपाटी हाय, टोचाय लागलंय," वीरभद्र कुरकुरला.

"टोचू दे. बाईंना उभं राहायला जागा नको का?"

वीरभद्र ढोलकी पोटाशी धरून मागे सरकला. रांगा सरकल्या. दयानंद सरांनी त्या मोकळ्या जागेचा अंदाज घेतला, आणि ते सगळ्यांपेक्षा एक पाऊल जास्त मागे सरले.