सोमवारचं मौन

"गाडी कोण चालवत होतं?" विमा कंपनीच्या वकिलानं कुंताबाईला विचारलं.

वर्ध्याच्या त्या कोर्टात सारं याच उत्तरावर अडलं होतं. पवनारजवळ ट्रकनं मागून स्कूटीला उडवलं, तिच्या नवऱ्याचा, बापूरावांचा पाय मोडला, आणि वर पोलिसांनी विनालायसन गाडी चालवल्याचा गुन्हा त्यांच्यावरच लावला. त्यावर बोट ठेवून कंपनी भरपाई नाकारत होती. भरपाईवाचून पायाचं दुसरं ऑपरेशन होणार नव्हतं.

कुंताबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. "मी."

बाकावर कुबडी धरून बसलेल्या बापूरावांनी मान खाली घातली.

तिचं लायसन वकिलानं उलटंसुलटं करून पाहिलं. लेकीनं, रुचिकानं, स्वतःचं काढताना आईचंही काढून घेतलं होतं. लायसन खरं होतं.

"मग पोलिसांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सोमवार होता. पूजा होईपर्यंत माहं मौन राह्यते. त्याइनं याइचं नाव लिहून टाकलं. मंग दवाखान्यातच जीव अडकला."

साक्षीला आलेल्या शेजारच्या नत्थूनं मौनाची ग्वाही दिली. एका सोमवारी घरात साप निघाला, तेव्हाही कुंताबाईनं तो नुसता बोटानं दाखवला होता. आणि खोटं म्हणाल, तर भाजीच्या भावातसुद्धा ती कधी बोलली नव्हती. न्यायाधीशही हसले.

बापूराव मागे बसले होते, हे कोर्टानं मानलं. भरपाई मंजूर झाली.

बाहेर चहाच्या टपरीवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नत्थूला तर चेवच आला.

"काय बापूराव, बायकोच्या मांगं बसून बजाराले जात होते, अन् आमाले पत्ता नाई!"

बापूराव हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

कुंताबाईनं चहाला हात लावला नाही. सकाळपासून पाण्याचा घोटही नव्हता. आज बुधवारी कसला उपास, असं रुचिकानं विचारलं.

"नवा धरला," ती एवढंच म्हणाली.

घरी येताच तिनं तुळशीपुढे दिवा लावला, कान धरले, आणि रोजच्यापेक्षा बराच वेळ तशीच उभी राहिली. मग अंगणातल्या स्कूटीवरची ताडपत्री काढली. सीटवरून हात फिरवला.

"रुचिका," ती हळूच म्हणाली, "उद्यापासून मले हे चालवाले शिकवजो."