साहेबांचा सीन

"कट!" बसवेश ओरडला. साहेबांनी लगेच काळा चष्मा काढून विचारलं, "कसं झालं?"

झालं होतं उत्तम. वाक्यच एवढंसं होतं, 'शाब्बास, छोट्या हेरा!' तेवढं म्हणून साहेबांनी स्वप्नालीच्या खांद्यावर शाल टाकायची. पण राधाकिशनराव मान हलवत पुढं आले. "साहेब, वजन न्हाई आलं. तुमी हेरांचे सरदार. आजून एकदा होऊन जाऊ द्या."

बसवेश दिंद्रुडचा. लोकांच्या लग्नांचं शूटिंग करून विटलेला. त्याला एकदा स्वतःचा सिनेमा करायचा होता. आजोबा, आजी, नात, सगळं घरच हेर, असा लहान मुलांना हसवणारा. तालुक्याचे पुढारी राधाकिशनराव निर्माते झाले. त्यामुळं हेर नात म्हणजे त्यांचीच नात स्वप्नाली, हेर आजी म्हणजे त्यांची बायको केसरबाई आणि सिंदफणा नदीचा हा काठही त्यांनीच निवडलेला. आता फक्त शेवट उरला होता, स्वप्नालीची बांधावरून उडी. ती मावळतीच्या उन्हातच घ्यायची होती. भाड्याचा कॅमेरा उद्या सकाळी परत जाणार होता.

तहसीलदार साहेबांना घ्यायची कल्पनाही रावांचीच. ज्यांची जीप दिसली की वाळूचोर गाड्या टाकून पळतात, तो माणूस सरदार म्हणून शोभणारच. साहेब आधी नको नको म्हणाले. मग "मुलांसाठी आहे म्हणून येतो" म्हणाले आणि इस्त्रीचे तीन सफारी घेऊन आले. सरदाराच्या मागं माणसं हवीत म्हणून त्यांचं अख्खं पथक काळे चष्मे लावून रांगेत उभं होतं. शूटिंगमध्ये वाजायला नकोत म्हणून सगळ्यांचे मोबाइल केसरबाईंनी भाकरीच्या टोपल्यात गोळा केले होते. सूट होती ती फक्त निर्मात्याला.

साहेब पुन्हा म्हणाले, "शाब्बास, छोट्या हेरा!" या वेळी बसवेशच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात रावांचा मोबाइल वाजला. ते पाठ फिरवून "बरं, बरं" म्हणाले आणि परत येऊन हळहळले. "शाल वाकडी पडली, साहेब. पोरं हसतील."

शाल सरळ पडली तेव्हा त्यांना नारळ आठवला. सत्कार आणि नारळ नाही? माणूस गावात पाठवला. नारळ आला. मग नारळ डाव्या हातानं दिला गेला. मग राव म्हणाले, फेटाही पाहिजे. बसवेश चडफडत होता, पण करतो काय? आपल्याकडं सिनेमा आवरता येतो, सत्कार आवरता येत नाही. साहेब मात्र खुलत चालले होते. प्रत्येक वेळी ते केसांवरून कंगवा फिरवत आणि विचारत, "जवळून घेताय ना?" शालीत घामाघूम झालेली स्वप्नाली शेवटी रडकुंडीला आली. "आबा, मी उडी कवा मारू?"

"मारशील की, बाई. दम धर."

ऊन पिवळं होऊन बांधावरून सरकायला लागलं. रावांचा मोबाइल पुन्हा वाजला. बसवेशला राहवलं नाही. तो धावत त्यांच्यामागं गेला आणि त्यानं हात जोडले.

"भाऊ, साहेब लई झ्याक बोलले हो. आता पुरं करा. ऊन गेलं तर पोरीची उडी गेली, अन् उडी गेली तर माझा पिक्चर गेला!"

राधाकिशनरावांनी मोबाइलवर हात ठेवला. पोरीकडं पाहिलं. साहेबांकडं पाहून गोड हसले. मग बसवेशच्या कानाशी तोंड नेलं.

"गेला तर जाऊ दे बे. साहेबाचं आजून एकदा घे. वळणापल्याड वाळूच्या दोन गाड्या भरायच्या राहिल्यात."